१५ बाय १२च्या खोलीसाठी टॉवर घ्यावेत की दोन सबवूफर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या नव्या फ्लॅटमधली १५ बाय १२ फुटांची एक खोली फक्त सिनेमासाठी ठेवायची आहे. उंची साडेनऊ फूट, टीव्ही ६५ इंची, समोर तिघांचा सोफा. टीव्ही सोडून तीन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. दुकानदाराने दोन मोठे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर), जोडीचा सेंटर (टीव्हीपाशी मध्ये बसणारा, संवादांचा स्पीकर), मागचे छोटे सराउंड आणि १२ इंची एक सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा, म्हणजे बासचा स्पीकर) असा संच सुचवला आहे. आत्ताच्या साउंडबारवर संवाद कळत नाहीत ही मुख्य तक्रार आणि खालच्या घराला त्रास नको ही काळजी.

घरोघरी अशा खोल्या लावून देणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणं मागून. टॉवर घेऊ नका. पुढे तीन एकसारखे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, मागे दोन साधे सराउंड, एकाऐवजी दोन सीलबंद सबवूफर आणि पंचवीस-तीस हजार रुपये खुद्द खोलीवर. दुकानदाराने सुचवलेला माल वाईट नाही, पण तो तुमची खोली न बघता सुचवलेला आहे.

इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंच अमेरिकेतल्या घरांना धरून लिहिलेलं असतं. तिथे लाकडी सांगाड्यावर जिप्समचं बोर्ड ठोकलेली भिंत असते. ती बासबरोबर किंचित हलते, थोडा बास शोषते, थोडा बाहेर जाऊ देते. आपल्याकडे वीट किंवा ब्लॉक, त्यावर सिमेंटचं प्लास्टर, वर-खाली स्लॅब आणि जमिनीला व्हिट्रिफाइड टाइल. यातलं काहीच बासपुढे हलत नाही. स्पीकरमधून निघालेला खालचा स्वर भिंतीवर आपटून जवळजवळ तेवढ्याच जोराने परत येतो आणि खोली घुमते. म्हणून तिथे "एक मोठा सब पुरे" म्हणणाऱ्याचं तिथे खरं असलं, तरी आपल्याकडे तोच सब एका खुर्चीवर धडधडतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो.

हे कुठल्या स्वरांना होणार ते कागदावर आधीच काढता येतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १५ फुटांसाठी ११२५ भागिले ३०, म्हणजे साडेसदतीस हर्ट्झ. १२ फुटांच्या रुंदीसाठी सुमारे ४७ हर्ट्झ, साडेनऊ फूट उंचीसाठी सुमारे ५९. लांबीचाच दुसरा स्वर ७५ वर येतो. हे तुमच्या खोलीचे स्वतःचे स्वर, कुठल्याही कंपनीचा सब आणलात तरी तेच राहणार. यातला प्रत्येक स्वर दोन समोरासमोरच्या भिंतींपाशी सर्वात जोरात असतो. लांबीचा पहिला, ३७ हर्ट्झचा, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवलात तर सगळे लांबीचे स्वर कानात घुमतात आणि मधोमध ठेवलात तर ३७ वर भोक पडतं. हे भोक इक्वलायझरने बुजत नाही. तिथे जितकी ताकद वाढवाल तितकी दोन्ही बाजूंनी येऊन ती एकमेकींना खाते.

तुमच्या खोलीत बसणाऱ्याचे कान टीव्हीच्या भिंतीपासून साडेनऊ-दहा फुटांवर असावेत. मागे पाच फूट मोकळे राहतात. बहुतेक लोकांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटते, पण एक रुपया न खर्चता मिळणारी ही सर्वात मोठी सुधारणा आहे. मागे पुस्तकांचं कपाट ठेवा, जागाही वापरली जाईल आणि आवाजही सुधारेल.

आता टॉवरचं. टॉवरमध्ये आपण जास्तीचे पैसे कशाचे देतो? मोठ्या पेटीचे आणि खालच्या दोन वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्यांचे), म्हणजेच बासचे. पण होम थिएटरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचा सगळा आवाज आपण रिसीव्हरमधून, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या डब्यातून, सबकडे वळवतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ते वूफर त्यांच्या खास कामापासूनच दूर राहतात. बरं, टॉवरला बास वाजवू दिला तरी तो टॉवर जिथे उभा आहे तिथूनच निघणार. संवाद आणि संगीतासाठी स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, सोफ्याशी २२ ते ३० अंशांचा कोन करून हवेत. बाससाठी मात्र चांगली जागा खोली ठरवते आणि ती बहुधा भलतीकडेच असते. सब वेगळा असल्याचा फायदाच हा, की तो हव्या त्या जागी नेता येतो. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला जवळपास कळत नाही, म्हणून सब सोफ्यामागे असला तरी स्फोट पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो.

टॉवर कुठे शोभतात? हॉल मोठा असेल, स्वयंपाकघराकडे उघडा असेल, बसायची जागा पंधरा-वीस फुटांवर असेल किंवा सबशिवाय दोनच स्पीकरवर गाणी ऐकायची असतील तर जरूर घ्या. बंद खोलीत दहा फुटांवर बसणाऱ्याला त्यांची गरज नाही.

"मग बुकशेल्फचा आवाज कमी पडणार नाही का?" हे सगळेच विचारतात, म्हणून हिशेब मांडतो. एका ठीकठाक बुकशेल्फची सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी असते, म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डीबी. तुमचे कान तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात साडेनऊ डीबी कमी झाले असते, बंद खोलीत भिंती मदत करतात, तेव्हा सात धरू. एका वॉटला ८० डीबी. वॉट दुप्पट केले की तीन डीबी वाढतात, दसपट केले की दहा. दहा वॉटला ९०, शंभर वॉटला १००. सिनेमागृहाच्या प्रमाण पातळीवर मुख्य चॅनलचं शिखर १०५ डीबीचं धरतात, पण घरात त्या पातळीवर कुणी दोन तास बसत नाही. लोक त्याच्या दहा-पंधरा डीबी खालीच ऐकतात, म्हणजे ऐन धडाक्याच्या क्षणी ९० ते ९५ डीबी. त्याला १० ते ३० वॉट पुरतात. सबने ८०च्या खालचं ओझं उचललेलं असल्यामुळे बुकशेल्फला श्वास घ्यायलाही जागा राहते.

याच हिशेबामुळे रिसीव्हरवरही फार पैसे घालू नका. खोक्यावरचा "१५० वॉट" हा आकडा बहुधा एकच चॅनल, ६ ओहम, एकच स्वर आणि दहा टक्के विकृती (डिस्टॉर्शन) धरून काढलेला असतो. माहितीपत्रकात ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, अशी ओळ शोधा. तिथे ८० वॉट दिसले तरी तुम्हाला भरपूर झाले. त्याऐवजी बघायचं ते हे: दोन सब असतील तर ते स्वतंत्रपणे जुळवता येतात का आणि खोलीसुधाराची, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी, प्रणाली कोणती आहे. डेनॉन-मरँट्झच्या वरच्या मॉडेलांत ऑडिसीची एक्सटी-३२ आवृत्ती येते, ती दोन सबचं अंतर आणि पातळी वेगवेगळी धरते. काही कंपन्या डिराक नावाची अशीच प्रणाली देतात, तेही उत्तम. मागच्या बाजूला दोन सबची भोकं आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. स्वस्त रिसीव्हरमध्ये दोन्ही भोकांतून एकच सिग्नल निघतो.

संवादांची तक्रार सेंटरशी आणि त्याहून जास्त खोलीशी जोडलेली आहे. दुकानातला नेहमीचा सेंटर आडवा असतो, मध्ये ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा पडदा) आणि दोन बाजूंना एकेक वूफर. समोर बसलेल्याला तो बरा वाटतो. पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानापर्यंत दोन वूफरचा आवाज थोडा मागेपुढे पोहोचतो आणि नेमका बोलण्याच्या पट्टीत खड्डा पडतो. घरात टोकाला बसणारं माणूसच "काय म्हणाला?" असं विचारत असेल तर बहुतेक वेळा कारण हे. उपाय साधा आहे: डावा, मधला, उजवा तिन्ही एकच मॉडेल, तिन्ही उभे. तीन नगांसाठी दुकानदार दोन जोड्या घ्यायला लावतो. काही जण विनंती केली तर सुटा नग मागवून देतात, तेव्हा विचाराच. टीव्हीखाली उभा स्पीकर बसतच नसेल तर ज्याच्या मध्यभागी ट्वीटर आणि मिडरेंज (मधल्या स्वरांचा पडदा) एकावर एक आहेत असा सेंटर निवडा, किंवा ट्वीटर वूफरच्याच पोटात बसवलेला कोअॅक्सिअल घ्या. केईएफचे स्पीकर या रचनेसाठी ओळखले जातात.

आपल्याकडे टीव्ही भिंतीवर उगाच उंच टांगायची सवय आहे. मग सेंटरही एकतर छातीच्या वर जातो नाहीतर युनिटच्या खणात कोंबला जातो. तुमचं घर नवं आहे, टीव्ही अजून टांगला नसेल तर खाली घ्या. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर येतात, ट्वीटरही त्याच्या आसपास हवा. सेंटर खाली ठेवावाच लागला तर पुढून रबराचे गट्टू लावून तो कानाकडे वळवा आणि युनिटच्या कडेच्या बाहेर किंचित पुढे ओढा.

स्पीकर निवडताना वॉट बघू नका, आवाजाचा समतोल बघा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कोणता ब्रँड वाजतोय हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं. समोरून सपाट वाजणारे आणि बाजूलाही तसाच एकसारखा आवाज टाकणारे स्पीकर लोकांनी पुन्हा पुन्हा पसंत केले. आज अनेक स्पीकरची ही मोजमापं इंटरनेटवर बघता येतात, "स्पिनोरामा" या नावाने शोधा. दुकानात ऐकायला गेलात तर दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा करूनच तुलना करा, कारण एक-दीड डीबी मोठा वाजणारा स्पीकर प्रत्येक वेळी चांगला वाटतो. आणि दुकानदाराची ठेवणीतली स्फोटांची क्लिप नको. घरचं माणूस ज्या सिनेमात हमखास सबटायटल लावतं, त्यातला शांत संवाद लावून बघा.

सबकडे येऊ, कारण खरा निर्णय इथेच आहे. तुमची खोली सुमारे १७०० घनफुटांची, म्हणजे लहान. एवढ्या जागेत एका १२ इंची सबने आवाज कमी पडत नाही, पण तो सगळीकडे सारखा पडत नाही. हरमनच्याच टॉड वेल्टी यांनी किती सब लागतात आणि ते कुठे ठेवावेत याचा पद्धतशीर अभ्यास केला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ही रचना त्यात अतिशय समाधानकारक ठरली. तुमच्या आकड्यांवर ती बसवून बघा. एक सब टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. लांबीचा ३७चा स्वर एका टोकाला दाब असताना दुसऱ्या टोकाला पोकळी मागतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी दाब दिला तर तो उठतच नाही. रुंदीचा ४७चा स्वर मध्यावर शून्य असतो आणि दोन्ही सब नेमके तिथेच, त्यामुळे त्यालाही खाद्य मिळत नाही. खोलीचे दोन सर्वात त्रासदायक स्वर नुसत्या जागेने शांत होतात आणि सोफ्यावरच्या तिघांनाही जवळपास तोच बास मिळतो. उरलेला ७५चा फुगवटा रिसीव्हर कापतो. फुगवटा कापता येतो, भोक भरता येत नाही, हे लक्षात असू द्या. दारामुळे मध्य मिळत नसेल तर समोरासमोरचे कर्णातले दोन कोपरे वापरा. दोन्ही सब मात्र एकाच मॉडेलचे हवेत.

सीलबंद की भोकवाला, अर्थात पोर्टेड? पोर्टेड सब त्याच्या ट्यूनिंगच्या आसपास जास्त जोर देतो, पण त्याखाली अष्टकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे होईपर्यंत, २४ डीबीने कोसळतो. सीलबंद सब आधीपासूनच उतरायला लागतो, पण सावकाश, अष्टकाला १२ डीबीने. आणि बंद खोली तिच्या सर्वात खालच्या स्वराच्याही खाली, तुमच्याकडे ३७च्या खाली, स्वतःहून बासला उचल देते. भिंती जितक्या कडक आणि दार जितकं घट्ट तितकी उचल जास्त. म्हणजे ज्या वीट-सिमेंटबद्दल वर तक्रार केली तेच इथे तुमच्या बाजूने उभं राहतं आणि सीलबंद सबचा उतार बराचसा भरून निघतो. मोठ्या, उघड्या हॉलसाठी मी पोर्टेडच सुचवतो. तुमच्यासाठी १० किंवा १२ इंची दोन सीलबंद. खोक्यावर पीएमपीओ वॉट, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा, लिहिलेला सब हातात आला तर खाली ठेवा. बघायचा तो आकडा म्हणजे २०, २५ आणि ३१.५ हर्ट्झला तो विकृतीशिवाय किती डीबी देतो. चांगल्या कंपन्यांच्या सबची सीटीए-२०१० या प्रमाण पद्धतीची मोजणी मिळते.

खालच्या घराबद्दल स्पष्ट सांगतो: स्लॅबमधून जाणारा बास कोणताही रबरी पाय किंवा फोमचा पाट थांबवत नाही. त्याने सबची थरथर जमिनीत उतरत नाही एवढंच. हवेतून स्लॅबवर आदळणारा बास जायचा तो जातोच. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ज्या पद्धतीने मोजतात तीत ३१.५ हर्ट्झचा आवाज सुमारे ३९ डीबीने कमी धरला जातो. मीटर गप्प राहील आणि खालच्या घरातली स्टीलची भांडी वाजत राहतील. दोन सब याही बाबतीत बरे, कारण बास सारखा पसरला की कमी वाटणाऱ्या खुर्चीसाठी आवाज वाढवावा लागत नाही. रात्रीसाठी सब सहा डीबीने खाली आणि रिसीव्हरमधलं डायनॅमिक रेंजचं कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणारी सोय) चालू, अशी एक सेटिंग साठवून ठेवा. आणि एकदा घरच्यांना सिनेमा लावायला सांगून स्वतः खाली जाऊन, त्यांच्या बेडरूममध्ये बसून ऐका. शेजाऱ्यांशी संबंधही चांगले राहतात.

खोलीवरच्या खर्चाला लोक सर्वात आधी कात्री लावतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं. रिकाम्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. "टर्रर्र" असा शेपटीचा आवाज आला तर तोच संवादांच्या अक्षरांवर पसरतो. जमिनीवर सोफा आणि टीव्हीमध्ये जाड गालिचा, खिडकीला दुहेरी चुण्यांचा जड पडदा, डाव्या-उजव्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी रॉकवूलचे पॅनल. ४८ किलो घनतेचं रॉकवूल, दोन इंचांपेक्षा चार इंच जाड चांगलं, लाकडी चौकटीत, वर श्वास घेणारं खादीसारखं कापड. सुतार दोन दिवसांत करून देतो. जागा शोधायला सोफ्यावर बसा आणि दुसऱ्याला भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनल. अंड्यांचे ट्रे आणि अर्धा इंच फोम यांनी फक्त वरचे स्वर मरतात, आवाज मंद होतो आणि घुमणं जसंच्या तसं राहतं.

आणि पंखा. सीलिंग फॅनची घरघर हळू बोललेले शब्द झाकून टाकते आणि मग आपण आवाज वाढवतो. या खोलीत शांत इन्व्हर्टर एसी लावा आणि सिनेमाच्या वेळी पंखा बंद ठेवा.

लावताना एवढं पाळा. सगळे स्पीकर रिसीव्हरमध्ये "स्मॉल", क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो तो आकडा) ८०, एलएफईची (सिनेमातल्या खास बासच्या चॅनलची) मर्यादा १२०. सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा "एलएफई"वर, नाहीतर दोनदा गाळणी लागते. "एलएफई अधिक मेन" हा पर्याय बंद. माइकने मोजणी करताना पंखा, एसी, फ्रिज सगळं बंद आणि माइक हातात न धरता स्टँडवर, कानाच्या उंचीला. मोजणीनंतर रिसीव्हर सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा पाच-सहा फूट जास्त दाखवेल. ती चूक नाही, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ तो अंतराच्या रूपात धरतो. टेपने मोजून तो आकडा "दुरुस्त" करू नका. सबमधून सतत गुणगुण येत असेल तर आधी डीटीएचची केबल काढून बघा. तिच्यामार्गे आलेलं अर्थिंग आणि भिंतीतलं अर्थिंग यांच्यात लूप तयार होणं हे नेहमीचं कारण. प्लगची अर्थची पिन कापून गुणगुण घालवणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला हात लावू देऊ नका.

सराउंड सोफ्याच्या किंचित मागे, बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा फूटभर वर. अॅटमॉसचे, म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचे, छतातले स्पीकर आत्ता नकोत, पण फॉल्स सीलिंग होणार असेल तर चार वायरी आजच टाकून ठेवा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर एवढ्या अंतराला पुरते, मागच्या सबसाठी एक शिल्डेड केबलही त्याच वेळी भिंतीतून न्या.

तीन लाखांची वाटणी मी अशी करीन: पुढचे तीन स्पीकर ८० हजार, सराउंड २५, दोन सब ८५, रिसीव्हर ६५, खोली ३०, उरलेले १५ स्टँड-वायरींना. ताण पडला तर सराउंड स्वस्त घ्या, दुसरा सब रद्द करू नका. फार तर दोन-तीन महिन्यांनी घ्या, पण मॉडेल बंद व्हायच्या आत. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड फिरून भाव काढायला हरकत नाही. बिलावर सिरीयल नंबर आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या, कारण बाहेरून आलेल्या मालाचा सब पावसाळ्यात किंवा व्होल्टेजच्या झटक्याने गेला तर त्याची अॅम्प्लिफायर प्लेट इथे मिळत नाही.

अॅडव्हान्स दिला नसेल तर दुकानदाराला त्याच मालिकेतल्या बुकशेल्फचा भाव आणि तिसरा नग सुटा मिळेल का, एवढं विचारून घ्या. दार, खिडकी आणि टीव्हीची जागा दाखवणारा खोलीचा साधा नकाशा मापांसह पाठवलात, तर सबच्या दोन्ही जागा इंचांत सांगतो.